विश्लेषण : मऊ कॉन्टॅक्ट लेन्स सामान्यांच्या आवाक्यात कशी आली? ओटो विख्तर्ले यांनी खेळण्याच्या यंत्रावर काय साधले?

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्या किंवा वापरू पाहणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न पडतो. बोटाच्या टोकावर मावणाऱ्या, फुंकरीने उडून जाईल अशा या चकतीला वर्षाकाठी इतके पैसे का मोजायचे? तिच्यातील प्लास्टिकची किंमत तर नगण्य असते. या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर प्रागमधील एका रसायनशास्त्रज्ञाच्या आयुष्याकडे पाहावे लागते. ओटो विख्तर्ले (१९१३-१९९८) यांनी मऊ लेन्सचा पदार्थ शोधला, पण त्याहून मोठे काम म्हणजे ती झटपट आणि स्वस्तात घडवण्याची पद्धत शोधली. नोकरीतून काढले गेल्यावर आणि प्रकल्पाचा सरकारी आधार तुटल्यावर त्यांनी हे काम घरच्या टेबलावर केले. त्यातून जगभर मोठा उद्योग उभा राहिला, त्यांच्या वाट्याला मात्र त्यातील फारसे काही आले नाही.

ओटो विख्तर्ले कोण होते?

विख्तर्ले यांचा जन्म २७ ऑक्टोबर १९१३ रोजी मोराव्हिया प्रांतातील प्रोस्त्येयोव्ह या गावी झाला. हा भाग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. पहिल्या महायुद्धानंतर तो चेकोस्लोव्हाकियात आला आणि आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. वडील शेतीची अवजारे बनवणाऱ्या कारखान्याचे भागीदार होते. याच उद्योगातून पुढे ‘विकोव्ह’ नावाच्या मोटारगाड्याही तयार झाल्या. मुलाने घरचा कारखाना सांभाळावा, ही सरळ वाट होती. ओटो यांनी मात्र रसायनशास्त्र निवडले आणि प्रागच्या तंत्रविद्यापीठातून १९३६ मध्ये शिक्षण पूर्ण केले. यंत्रांच्या संगतीत गेलेले बालपण मात्र वाया गेले नाही. विख्तर्ले हे केवळ परीक्षानळीत रमणारे शास्त्रज्ञ नव्हते. एखादी वस्तू प्रयोगशाळेत एकदा बनली म्हणजे काम झाले, असे ते मानत नसत. ती हजारोंच्या संख्येने कशी बनेल, हा प्रश्न त्यांच्या मनात कायम असे.

‘बाटा’शी त्यांचा संबंध कसा आला?

१९३९ मध्ये नाझी जर्मनीने चेक प्रदेश ताब्यात घेतला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेथील चेक विद्यापीठे बंद केली. अध्यापनाची वाट बंद झाल्याने विख्तर्ले झ्लिन शहरातील बाटा कंपनीच्या संशोधन संस्थेत दाखल झाले. आपल्याकडे अनेकांना भारतीय वाटणारी बाटा कंपनी मूळची याच झ्लिनची. तेथे ते प्लास्टिकच्या कामाचे नेतृत्व करू लागले. १९४१ मध्ये त्यांच्या चमूने नायलॉनच्या जातकुळीतील कृत्रिम धागा तयार करण्याची पद्धत बसवली. ‘सिलॉन’ या नावाने तो ओळखला गेला आणि युद्धानंतर चेकोस्लोव्हाकियात त्याचे पायमोजे घरोघरी पोहोचले. दरम्यान, १९४२ मध्ये गेस्टापोने विख्तर्ले यांना अटक केली. काही महिने तुरुंगात काढल्यावर त्यांची सुटका झाली.

युद्ध संपल्यावर ते प्रागला विद्यापीठात परतले. रसायनशास्त्राची पाठ्यपुस्तके लिहिली, प्लास्टिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग उभा केला. १९५२ मध्ये प्रागमध्ये रासायनिक तंत्रज्ञानाची स्वतंत्र संस्था स्थापन झाली, तेव्हा तिचे अधिष्ठातापद त्यांच्याकडे आले.

लेन्सची कल्पना कोठून सुचली?

१९५२ मध्येच एका रेल्वे प्रवासात शेजारचा प्रवासी वैद्यकीय नियतकालिक वाचत होता. डोळा काढून टाकावा लागलेल्या रुग्णांसाठी धातूचे रोपण वापरण्याविषयीचा तो लेख होता. विख्तर्ले यांची नजर त्यावर गेली आणि त्यांनी बोलणे काढले. शरीरात कायम ठेवायच्या वस्तूसाठी धातूपेक्षा शरीराशी जुळवून घेणारे प्लास्टिक अधिक योग्य ठरेल, असा त्यांचा मुद्दा होता. सहप्रवासी आरोग्य खात्याशी संबंधित निघाला आणि त्या गप्पांतून काम मार्गी लागले.

असे प्लास्टिक बाजारात मात्र नव्हते. ते पाणी शोषणारे, पारदर्शक, मऊ आणि शरीराला न टोचणारे हवे होते. विख्तर्ले आणि त्यांचे तरुण सहकारी द्राहोस्लाव्ह लीम यांनी असा पदार्थ तयार केला. रसायनशास्त्रात त्याला हायड्रोजेल म्हणतात. कोरडा असताना तो काचेसारखा कडक असतो. पाण्यात ठेवला की फुगतो आणि लवचीक होतो. फुगलेल्या अवस्थेत त्याच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग पाण्याचा असतो. १९६० मध्ये दोघांचा यासंबंधीचा निबंध ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या पदार्थाचे अनेक वैद्यकीय उपयोग शक्य होते. विख्तर्ले यांनी भर दिला तो डोळ्यावर बसणाऱ्या लेन्सवर.

तोपर्यंतच्या लेन्स कशा होत्या?

कॉन्टॅक्ट लेन्स ही कल्पना नवी नव्हती. १८८० च्या दशकात अडॉल्फ फिक या जर्मन डॉक्टरांनी काचेच्या लेन्स डोळ्यावर बसवून पाहिल्या होत्या. त्या बुबुळासह पांढरा भागही झाकत आणि काही तासांपलीकडे सहन होत नसत. विसाव्या शतकात काचेच्या जागी कडक ॲक्रिलिक प्लास्टिक आले. १९४८ मध्ये अमेरिकेत केव्हिन टुही यांनी फक्त बुबुळापुरती लहान लेन्स आणली आणि वापर थोडा सोपा झाला.

तरीही दोन अडचणी होत्या. पहिली, हे प्लास्टिक प्राणवायू आरपार जाऊ देत नाही. बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पटलाला रक्तवाहिन्या नसल्याने त्याला हवेतून, अश्रूंवाटे प्राणवायू घ्यावा लागतो. कडक लेन्समुळे तो अडे आणि डोळ्यात खुपल्यासारखे होई. दुसरी अडचण पैशांची. प्रत्येक लेन्स लेथवर कातून, घासून, पॉलिश करून तयार करावी लागे. एकेका नगामागे कुशल कारागिराचा वेळ जाई. त्यामुळे लेन्स ही वस्तूपेक्षा कारागिरी म्हणून विकली जाई आणि तिचा दरही तसाच असे.

पदार्थ मिळाला, मग गाडी अडली कोठे?

मऊ पदार्थामुळे डोळ्याची अडचण सुटण्यासारखी होती, खर्चाची नव्हती. १९५७ च्या सुमारास विख्तर्ले यांनी बंद साच्यांत लेन्स ओतून पाहिल्या. सुमारे १०० लेन्स तयार झाल्या, पण साचा उघडताना कडा फाटत. त्या हाताने दुरुस्त कराव्या लागत. म्हणजे लेन्स मऊ झाली, तरी कारागिराचा वेळ आणि वाया जाणारा माल तसाच राहिला. या हिशेबाने मऊ लेन्स कडक लेन्सपेक्षाही महाग पडली असती.

याच वेळी राजकारण आड आले. चेकोस्लोव्हाकियात १९४८ पासून कम्युनिस्ट राजवट होती. १९५८ मध्ये विद्यापीठांतील ‘शुद्धीकरणा’त विख्तर्ले यांना रासायनिक तंत्रज्ञान संस्थेतून काढण्यात आले. आदल्या वर्षी प्रागमध्ये महारेणूंच्या रसायनशास्त्रावर झालेली आंतरराष्ट्रीय परिषद त्यांच्या कामी आली. तिच्या प्रभावामुळे विज्ञान अकादमीने या विषयाची स्वतंत्र संस्था स्थापन करण्याचे ठरवले आणि संचालक म्हणून विख्तर्ले यांची नेमणूक झाली. मात्र संस्थेची इमारत अद्याप बांधून व्हायची होती. पुढे आरोग्य खात्यानेही लेन्सच्या प्रकल्पाचा हात सोडला. त्या काळात हे काम सोडून दिले असते, तर कोणी त्यांना दोष दिला नसता.

नाताळात घरच्या टेबलावर काय घडले?

१९६१ च्या नाताळच्या सुट्टीत विख्तर्ले घरी होते. बंद साच्याऐवजी उघड्या, फिरत्या साच्यात लेन्स घडवण्याची कल्पना त्यांच्या डोक्यात होती. ती पडताळण्यासाठी त्यांनी घरातील सामान गोळा केले. मुलांचा ‘मर्कूर’ हा खेळ घेतला. आपल्याकडे मेकॅनो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पट्ट्या आणि नट-बोल्ट जोडण्याच्या खेळाचा हा चेक अवतार. सायकलचा डायनॅमो मोटारीसारखा फिरवला आणि त्याला वीज दिली दारावरच्या घंटीच्या ट्रान्सफॉर्मरमधून. काचेचे लहान साचे फिरत राहतील अशी रचना केली. या यंत्रावर पहिल्या चार लेन्स तयार झाल्या. त्यांच्या कडा फाटलेल्या नव्हत्या.

विख्तर्ले यांनी लगोलग पेटंटसाठी अर्ज केला. डायनॅमोची ताकद पुरेना, म्हणून पुढच्या यंत्राला ग्रामोफोनची मोटार लावली. १९६२ च्या पहिल्या चार महिन्यांत त्यांनी आणि पत्नी लिंडा यांनी घरीच सुमारे ५,५०० लेन्स तयार केल्या. काही वर्षांपूर्वी साच्यांतून जेमतेम शंभर लेन्स निघाल्या होत्या. त्या तुलनेत हा आकडा पाहिला, की शोध नेमका कशाचा होता ते कळते.

फिरत्या साच्याने खर्च कसा घटला?

कपातला चहा चमच्याने जोरात ढवळला की मध्ये खळगा पडतो आणि चहा कडेने वर चढतो. विख्तर्ले यांच्या पद्धतीचे तत्त्व हेच. वाटीसारख्या लहान साच्यात द्रवाचा मोजका थेंब सोडायचा आणि साचा फिरवायचा. द्रव कडेकडे सरकतो आणि मध्ये गुळगुळीत खळगा तयार होतो. फिरता फिरताच द्रव घट्ट होतो. लेन्सची बाहेरची बाजू साच्याच्या आकाराने ठरते, तर डोळ्याकडची बाजू फिरण्याच्या वेगाने. वेग आणि द्रवाचे प्रमाण बदलले की लेन्सचा नंबर बदलतो. मग लेन्स पाण्यात भिजवून मऊ केली जाते.

यात कातणे, घासणे, पॉलिश करणे या तिन्ही पायऱ्या गळाल्या. साचा उघडा असल्याने दोन भाग वेगळे करताना कडा फाटण्याचा प्रश्न उरला नाही. एकाच मोटारीवर एकावेळी अनेक साचे फिरवता येऊ लागले. कच्च्या मालाचा खर्च थेंबभर, वेळ काही मिनिटांचा आणि माणसाचे काम फक्त देखरेखीचे. लेन्सची किंमत पदार्थापेक्षा तिच्यामागे लागणाऱ्या माणसाच्या वेळावर ठरते, हे विख्तर्ले यांनी ओळखले आणि तो वेळच काढून टाकला.

या शोधाचा पैसा कोणाला मिळाला?

पेटंट चेकोस्लोव्हाक विज्ञान अकादमीच्या, म्हणजे पर्यायाने सरकारच्या ताब्यात होते. १९६५ मध्ये अमेरिकेतील नॅशनल पेटंट डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने त्याचे हक्क मिळवले. पुढे तिने ते बॉश अँड लॉम्ब या चष्म्याच्या भिंगांतील जुन्या कंपनीला वापरायला दिले. मार्च १९७१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मऊ लेन्सला परवानगी दिली आणि विक्री सुरू झाली.

येथे एक विसंगती दिसते. घडवण्याचा खर्च इतका कमी असूनही सुरुवातीला अमेरिकी ग्राहकाला तपासणी आणि बसवण्याच्या शुल्कासह लेन्सच्या जोडीला काही शे डॉलर मोजावे लागत. बाजारात विक्रेता एकच होता. पेटंट, परवाना, चाचण्या, डॉक्टरांचे प्रशिक्षण आणि नफा यांचा बोजा त्याच चकतीवर पडत होता. स्पर्धक कंपन्यांना परवानगी मिळू लागली तेव्हा दर खाली येऊ लागले. स्वस्तात घडणारी वस्तू स्वस्तात विकली जाईलच असे नाही. त्यासाठी बाजारात दुसरा विक्रेता लागतो.

अमेरिकेत या पेटंटवरून न्यायालयीन लढायाही झाल्या. हक्क भक्कम ठरले असते तर पुढील अनेक वर्षे स्वामित्वशुल्क मिळाले असते. मात्र १९७७ मध्ये चेकोस्लोव्हाक सरकारने एकरकमी पैसे घेऊन विषय संपवला. लेन्सचा जागतिक बाजार तेव्हा कुठे वाढीला लागला होता. संशोधकाच्या वाट्याला या साऱ्या व्यवहारातून आलेली रक्कम किरकोळ होती.

सरकारची नाराजी का ओढवली?

१९६८ हे ‘प्राग वसंता’चे वर्ष. कम्युनिस्ट राजवटीत मोकळेपणा आणण्याचा प्रयत्न देशात सुरू होता. त्या काळात सुधारणांच्या बाजूने निघालेल्या ‘दोन हजार शब्द’ या जाहीरनाम्यावर विख्तर्ले यांनी सही केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोव्हिएत फौजा देशात शिरल्या आणि सुधारणा चिरडल्या गेल्या. सही करणाऱ्यांना नंतर एकेक करून किंमत मोजावी लागली. विख्तर्ले यांना १९७० मध्ये संस्थेच्या संचालकपदावरून दूर करण्यात आले. स्वतः उभ्या केलेल्या संस्थेत ते बाजूला पडले. परदेशी शास्त्रज्ञांशी संबंध आणि अध्यापन यांवर बंधने आली. त्यांच्या लेन्स अमेरिकेत विक्रीला आल्या, तो काळ नेमका हाच.

ही स्थिती १९८९ पर्यंत राहिली. त्या वर्षी राजवट कोसळली आणि १९९० मध्ये ७६ वर्षांचे विख्तर्ले चेकोस्लोव्हाक विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. १९९२ अखेर देशाची फाळणी होईपर्यंत ते या पदावर होते. १८ ऑगस्ट १९९८ रोजी मोराव्हियातील स्त्राझिस्को येथे त्यांचे निधन झाले. सुमारे १८० पेटंट त्यांच्या नावावर किंवा त्यांच्या सहभागाने नोंदली गेली. एका लघुग्रहालाही त्यांचे नाव आहे.

लेन्स स्वस्त झाली, तरी वर्षाचा खर्च का वाढला?

सुरुवातीच्या मऊ लेन्सची एक जोडी वर्षभर किंवा त्याहून अधिक चालवली जाई. रोज ती धुवावी, निर्जंतुक करावी लागे. पुढे साच्यांची पद्धत आणखी सुधारली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जॉन्सन अँड जॉन्सनने काही दिवस वापरून फेकायच्या लेन्स बाजारात आणल्या. १९९० च्या दशकात एकाच दिवसापुरत्या लेन्स आल्या. दशकाच्या शेवटी प्राणवायू अधिक जाऊ देणाऱ्या सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्स आल्या. एका नगाचा दर घसरत गेला, नगांची संख्या मात्र वाढत गेली.

हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. महिनाभर चालणाऱ्या लेन्स वापरल्या, तर दोन्ही डोळ्यांसाठी वर्षाला २४ नग लागतात. पंधरवड्याच्या लेन्सचे साधारण ५२. रोज नवी जोडी घातली तर ७३०. म्हणून खोक्यावरची किंमत पाहून तुलना करणे फसवे ठरते. तुलना वर्षाच्या खर्चाची करावी आणि मासिक लेन्सच्या खर्चात द्रावण आणि डबीही धरावी.

आपला खर्च कमी कसा करता येईल?

पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा : आठवड्यातून किती दिवस लेन्स घालणार? समजा, मासिक लेन्सची जोडी ६०० रुपयांना आणि महिन्याचे द्रावण ३०० रुपयांना पडते. वर्षाचे झाले १०,८०० रुपये. एका दिवसाची जोडी ८० रुपयांना पडते असे धरले, तर रोज वापरणाऱ्याचे २९,२०० रुपये होतात. पण आठवड्यातून दोनच दिवस घालणाऱ्याला १०४ जोड्या पुरतात आणि खर्च ८,३२० रुपयांवर येतो. या उदाहरणात वर्षाला १३५ दिवसांपर्यंत रोजची लेन्स स्वस्त, त्यापुढे मासिक लेन्स स्वस्त. हे दर केवळ उदाहरणादाखल आहेत. आपल्या दुकानातले दर घालून हाच हिशेब मोबाइलवर दोन मिनिटांत करता येतो. मासिक लेन्सची मुदत पाकीट उघडल्यापासून मोजली जाते, घातलेल्या दिवसांवरून नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरे, तपासणीनंतर लेन्सचे प्रिस्क्रिप्शन लेखी मागून घ्यावे. चष्म्याचा नंबर आणि लेन्सचा नंबर सारखाच असेल असे नाही. लेन्सच्या प्रिस्क्रिप्शनमध्ये नंबरासोबत वक्रता, व्यास आणि लेन्सचे नाव असते. हा कागद हातात असेल तरच दोन-तीन ठिकाणी दर विचारता येतात. अमेरिकेत डॉक्टरने तो रुग्णाला न मागता द्यावा, असा कायदा २००३ मध्ये झाला. ग्राहकाने कोठूनही लेन्स घ्यावी आणि विक्रेत्यांत स्पर्धा व्हावी, हा त्यामागचा हेतू होता.

तिसरे, नवीन प्रकारची लेन्स असेल तर आधी चाचणीची जोडी मागावी. ती काही दिवस घालून डोळ्याला मानवली, तरच मोठे पॅक घ्यावे. सहा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या पॅकमध्ये नगामागे दर बहुधा कमी पडतो. मात्र नंबर अजून बदलत असेल, तर वर्षाचा साठा करू नये. न उघडलेली खोकी बदलून मिळतील का, हे खरेदीपूर्वी विचारावे आणि पाकिटावरची अंतिम तारीख पाहावी.

चौथे, काही साखळी दुकाने स्वतःच्या नावाने लेन्स विकतात. त्या अनेकदा मोठ्या कंपन्यांच्याच कारखान्यांत तयार झालेल्या असतात. आपल्या लेन्सला असा स्वस्त जोड आहे का, हे तपासणाऱ्याला विचारावे. तो सुचवेल तीच घ्यावी, मनाने बदल करू नये.

पाचवे, चांगला चष्मा जवळ असू द्यावा. घरी, अभ्यासाला किंवा रात्री चष्मा वापरला, तर एका दिवसाच्या लेन्सची संख्या आपोआप घटते. डोळ्यांनाही विश्रांती मिळते.

काटकसर कोठे महागात पडते?

काही ठिकाणी पैसे वाचवणे धोक्याचे आहे. एका दिवसाची लेन्स दुसऱ्या दिवशी घालणे, मासिक लेन्स दोन महिने ताणणे, डबीतल्या जुन्या द्रावणात नवे मिसळणे आणि लेन्स नळाच्या पाण्याने धुणे, या चार सवयी टाळायलाच हव्यात. पाण्यातील अकॅन्थामिबा हा सूक्ष्मजीव लेन्सखाली अडकला, तर बुबुळाच्या पटलाला गंभीर संसर्ग होऊ शकतो. त्याचे उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि दृष्टी जाण्याचाही धोका असतो. लेन्स घालून पोहू नये, डॉक्टरांनी तशी खास लेन्स दिली नसेल तर झोपू नये. सणासमारंभासाठी घेतलेल्या नंबर नसलेल्या रंगीत लेन्सलाही हेच नियम लागू आहेत. त्याही मोजमाप न करता घेऊ नयेत आणि एकमेकांत वाटून घालू नयेत. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा धूसर दिसू लागले, तर लेन्स लगेच काढून नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

विख्तर्ले यांनी खर्च कमी केला तो घडवण्याच्या पद्धतीतला. लेन्सचा मऊपणा, कडांचा गुळगुळीतपणा आणि डोळ्याची सुरक्षा यांत त्यांनी तडजोड केली नाही. फाटक्या कडांच्या लेन्स त्यांनी बाजूला ठेवल्या आणि नवी वाट शोधली. ग्राहकानेही वाचवायचे ते दरांच्या तुलनेत, नगांच्या संख्येत आणि खरेदीच्या पद्धतीत. लेन्सची मुदत आणि स्वच्छता यांवरचा खर्च मात्र पुरता करावा.